तीन प्रश्नांत पाव्हणा

जगात माझ्या सासऱ्यांचा नातेवाईक नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि चुकून एखादा आलाच असेल तर आबांच्या मते दोष त्या माणसाचा. समोर वायरमन असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो, नाहीतर रस्ता चुकलेला ट्रकवाला असो. आबा त्याला तीन प्रश्न विचारतात. गाव कोणतं? कुणापैकी? पाव्हणं कोण? एवढ्यात तो माणूस कुठल्या ना कुठल्या फांदीवर सापडतोच, आणि सापडला की त्याला बसायला घोंगडं आणि प्यायला चहा मिळतो. एकदा भर दुपारी त्यांची गाय अडली होती. जनावरांचा नवा डॉक्टर बारामतीहून मोटारसायकल दामटत आला, बाही खांद्यापर्यंत सारून त्यानं हात आत घातला. गाय हंबरतेय, सासूबाई देवाला नवस बोलतायत, आणि आबा गायीचं शिंग धरून डॉक्टरला विचारतायत, "पाव्हणं कोण म्हणायचं तुमचं?" डॉक्टर दातओठ खात म्हणाला, "माझं लग्न व्हायचंय अजून." "आवो, मग मामाचं गाव तर असंल की!" मामाचं गाव माळशिरसच्या अंगाला निघालं, तिथं आबांच्या साडूची चुलतबहीण दिलेली होती, आणि वासरू बाहेर यायच्या आत डॉक्टर आबांचा भाचा झाला होता. वासरू गोऱ्हा आहे की कालवड हे पाहायचं मात्र आबांना चहा संपल्यावर सुचलं.

या परीक्षेत पहिल्या फेरीला नापास झालेला माणूस म्हणजे मी. मी अमरावतीकडचा. बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कंपनीत नोकरीला लागलो, तिथंच आबांची धाकटी मुलगी कामाला होती, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. मागणी घालायला गेलो तेव्हा आबांनी तिन्ही प्रश्न विचारले, डोळे मिटले, बराच वेळ ओठ हलवले आणि निदान न झालेल्या रोग्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "अमरावती... तितं आपलं कोण न्हाय." पोराला व्यसन आहे का, पगार किती, घर आहे का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. सगळं त्या एका वाक्यावर अडलं. पण नाही म्हणून गप्प बसणं हा त्यांचा स्वभावच नाही. ते झोपेतून उठून बसायचे, जेवताना हातातला घास थांबवायचे. शेवटी माझ्या आईच्या कुठल्याशा दूरच्या काकांनी एके काळी करमाळ्यात तलाठ्याची नोकरी केली होती एवढा धागा त्यांना गवसला, आणि "आवो, मग पैलं न्हाय का सांगायचं!" असं म्हणत त्यांनी मलाच रागे भरून मुलगी दिली. तेव्हापासून मी त्यांचा 'पाव्हणं' आहे. दोन मुलांचा बाप झालो, डोक्यावरचे केस उतरले, तरी हाक तीच.

या खोडीचं मूळ पाण्यात आहे. आबांचं गाव भीमेकाठचं, धरणात गेलेलं. लहान आबा, त्यांची भावंडं, जातं, उखळ आणि चौकटीसकट उपटून घेतलेला दरवाजा असं सगळं एका बैलगाडीत घालून त्यांच्या वडलांनी कळसच्या पलीकडच्या या गावात आणलं. तेव्हा इथल्या लोकांनी त्यांना 'पाण्यातलं' असं नाव पाडलं, आणि आबांनी इथं विहीर पाडली, द्राक्षबाग उभी केली, सोसायटीत निवडून आले, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी ते अजून 'पाण्यातलं आबा'च आहेत. त्यांना कोणी "गाव कोणतं?" विचारलं तर ते राहत्या गावाचं नाव सांगत नाहीत, बुडालेल्याचंच सांगतात. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर बाहेर येतं. मग आबा हाती लागेल त्या पाहुण्याला स्कूटरवर घालून काठावर नेतात आणि स्कूटरच्या किल्लीनं पाण्यावर नकाशा काढतात. "त्यो बघा आमचा गुरांचा वाडगा. ही तालीम. तितनं उजव्या हाताला वळलं की आमचा उंबरा." मला फक्त पाणी आणि त्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी दिसतात. एवढ्या लांबून येणाऱ्या त्या पक्ष्यांवर मात्र आबांचा राग नाही. "त्यांचं बरं हाय," ते म्हणतात. "हंगामाला येत्यात आन् हंगाम सरला की जात्यात. घर बांधून ऱ्हात न्हाईत."

राग होता तो घर बांधून राहणाऱ्यांवर, किंवा भाड्यानं घेऊन राहणाऱ्यांवर. ज्याचं नातं लागत नाही तो भाईरचा, आणि अलीकडे भाईरची माणसं आबांच्या हिशेबाबाहेर वाढली होती. एमआयडीसीत कामगार परमुलखातले, रंगारी परमुलखातले, पाणीपुरीवाला, गाद्या पिंजणारा, सगळे तिकडचे. आबांचा जीव थाऱ्यावर राहीना. सकाळी गुळाचा चहा पोटात गेला की ते स्कूटर काढून पार रस्त्याच्या फाट्यापर्यंत जात, नवं कोण दिसतंय ते बघत, परत येत, पाणी पीत आणि पुन्हा जात. बारामतीत माझ्या घराखाली केस कापायचं चकचकीत दुकान आहे. तिथला कारागीर उत्तर प्रदेशातला, म्हणून आबा चार गावं ओलांडून एका जुन्या न्हाव्याकडे जायचे. त्या बिचाऱ्याचे हात आता कापतात. आबा एकदा कानाला हळद लावून परतले आणि वर मलाच म्हणाले, "कापला तर कापला, पर आपल्या माणसानं कापला!" आणि हेच आबा छाटणीच्या दिवसांत बागेत बिहारकडची टोळी लावायचे. गावातली पोरं गॉगल लावून गाडीवर हिंडणार, वेलीखाली वाकणार कोण? मी कधी हे बोलून दाखवलं की उत्तर तयार असायचं. "त्ये येगळं. त्ये कामापुरतं. काम झालं, चालली." माणसानं यावं, वाकावं, वेल छाटावी आणि अंधार पडायच्या आत आपोआप नाहीसं व्हावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

अशा या माणसाच्या अंगणात भाईरची माणसं आणून बसवली ती त्यांच्याच बायकोनं. आबा बहिणीकडे जावळाला गेले होते. तेवढ्यात परसातली कडब्याची खोली सासूबाईंनी झाडून, सारवून मनोज नावाच्या फरशी बसवणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला भाड्यानं देऊन टाकली. आबा परतले तर दोरीवर अनोळखी लुगडं वाळत होतं आणि हवेत मोहरीच्या तेलाची फोडणी. आबांनी नाकाला धोतराचा सोगा लावून विचारलं, "कोण म्हणायचं ह्ये?" सासूबाई म्हणाल्या, "माणसं हायेत." "कुठली?" "बिहारची." झालं, आबांची चौकशी तिथंच संपली. ज्या माणसानं गायीच्या मागं उभ्या असलेल्या डॉक्टरला सोडलं नाही, त्यानं या दोघांना एकही प्रश्न विचारला नाही. बिहार म्हटल्यावर आणखी विचारायचं काय? त्यांनी फक्त मनोजच्या नावाबद्दल कुरकुर केली. "नाव बी आपलंच घेतलंय."

सासूबाईंचं मात्र दैव उघडलं होतं. चारही मुली नांदायला गेलेल्या, नवरा दिवसभर फाट्यावर; त्या घरात त्यांच्याशी बोलायला गाय आणि टीव्ही एवढंच उरलं होतं. मनोजची बायको सुनीता आली आणि घरातली बोलणी परत सुरू झाली. आली तेव्हा तिला 'पाणी' आणि 'भाकर' एवढंच येत होतं. वर्षाच्या आत ती सासूबाईंचं मराठी, त्यांच्या शिव्यांसकट, बोलायला लागली. एकदा मी रविवारी गेलो तर परसातून सासूबाईंचाच आवाज आला, "अगं ए सटवे, दुधात त्वांड घालतीस व्हय!" बघतो तर सुनीता मांजराला दटावत होती. माझ्या वऱ्हाडी जिभेला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते या पोरीला जमलं, याचा मला, खरं सांगायचं तर, थोडा हेवाच वाटला. पुढं तिला दिवस गेले, तशा सासूबाई जुनी पातळं उसवून बाळासाठी दुपटं शिवायला बसल्या. सातवा लागला की ओटी भरायची, आणि पोरीचं माहेर लांब, तर माहेर आपणच व्हायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

त्याच सुमारास गावोगावी मोबाइलवर आवया उठायला लागल्या. आभाळात ड्रोन फिरतात, ते घरं हेरतात. पोरं पळवणारी टोळी आलीय. अमक्या गावात धरले, तमक्या गावात मारले. कुणी पाहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांनी ऐकलेलं होतं. फाट्यावर एका ब्लँकेट विकणाऱ्याला पोरांनी घेरलं. चार जाणती माणसं मध्ये पडली म्हणून तो वाचला. आबांना जणू आयुष्यभर जे म्हणत आलो ते खरं ठरल्याचा जोर चढला. गावाची बैठक बसली, त्यात आबा उठून म्हणाले की भाईरच्यांना गावात खोल्या द्यायच्या न्हाईत, तसा ठराव करा. ग्रामसेवकानं असलं काही कागदावर घेता येत नाही म्हणून हात वर केले. तेव्हा पारावरचा एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "मग पैलं पाण्यातल्यांचाच ठराव घ्या की!" आणि सगळी बैठक हसली. गंमतच होती ती. तो म्हातारा आबांच्या चंचीतली तंबाखू खाणारा. पण आबा हसले नाहीत. उभ्यानंच, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "उद्यापास्नं माजी खोली रिकामी. मग तुमी बगा."

सासूबाईंचा फोन मला आला. त्या रडत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. "पाव्हणं, तुमी या. ह्या माणसाशी मी बोलणार न्हाय. पोरीला सातवा लागलाय, ती कुठं जाईल ह्या दिसात?" मी गेलो. आबा अंगणात येरझाऱ्या घालत होते, स्कूटर पुसत होते, पुसलेली पुन्हा पुसत होते. मी आधीच तापलेला होतो.

"आबा, मीसुद्धा बाहेरचाच आहे," मी म्हणालो.

"तुमी जावई हाय."

"जावई नसतो तर?"

"मग तुमी हितं कशाला आला असता?"

या तर्कशास्त्रापुढं भलेभले हरतील. मी कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "पोटुशी बाई आहे, आबा. बाळंत होईपर्यंत तरी राहू द्या. कोण तुम्हाला विचारणार आहे?" तेव्हा त्यांनी फडकं खाली टाकलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमाला न्हाय कळायचं, पाव्हणं. मी बोललोय चारचौघांत. आता माजी खोली तशीच ठिवली, तर गाव काय म्हणंल? पाण्यातलं त्ये पाण्यातलंच." एवढी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी या माणसाला आपल्याला इथून कोणी उठवील अशी भीती होती. माझा राग निम्मा उतरला, पण अस्वस्थपणा दुप्पट झाला. भित्र्या माणसाशी भांडता येतं. पण भ्यालेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला अजून समजलेलं नाही.

मनोजनं वादही घातला नाही. त्याला बहुधा असल्या उठण्याची सवय होती. त्यानं चाकणकडे कुणाची तरी खोली बघितली, टेम्पो सांगितला, आणि शेगडी, बादल्या, फरशी कापायचं मशीन, गादीची वळकटी असं सगळं अंगणात आणून ठेवलं. सासूबाईंनी मात्र टेम्पो थांबवला. सुनीताला हाताला धरून ओसरीवर पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि बागेतल्या द्राक्षाच्या घोसासकट पाच फळांनी तिची ओटी भरली. शेजारणी आल्या नाहीत, गाणी झाली नाहीत. दुपटं शिवून पुरतं झालेलं नव्हतं, तेवढंच द्यायचं राहिलं. आबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. चौकट तीच, गाडीतून आणलेली. मी त्यांच्याकडे बघत होतो. ओठ हलायला लागलेले मला दिसले. भरल्या ओटीची बाई घरातून निघाली की तिला हटकायचं नाही असं म्हणतात, पण सुनीता त्यांच्या पाया पडायला वाकली आणि आबांच्या तोंडून सवयीनंच गेलं, "पोरी, गाव कोणतं तुजं?"

सुनीता पदर सावरत उठली. "गाव न्हाय आबा आता. नदीनं न्हेलं."

"म्हंजी?"

"कोसी म्हणून नदी हाय आमच्याकडं. तिच्या पोटात ग्येलं. मी एवढीशी हुते. घर, शाळा, देऊळ, समदं. मग आमी बांधावर ऱ्हायलो छप्पर घालून. तितले लोक बी म्हणायचे, ही कुठली आली."

आबांच्या हातातली स्कूटरची किल्ली वाजायची थांबली. "आन् तू ह्ये आदी का न्हाय सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाय, आबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. विचारलेल्याचं उत्तर द्यावं तसं तिनं ते दिलं, आणि टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मनोजनं तिला हात देऊन पुढच्या सीटवर चढवलं. टेम्पो फाट्याकडे वळेपर्यंत आबा अंगणात होते. मग ते स्कूटरला किका मारायला लागले. ती नेहमी पहिल्या किकेला चालू होते. त्या दिवशी झाली नाही. झाली असती तर ते त्यांच्या मागं गेले असते, असं मला वाटतं, आणि गेले असते तर पुढचे दोन प्रश्न विचारून टेम्पो परत वळवला असता, असंही वाटतं.

पंधरवडा गेला, आवया विरल्या, आणि गाव ठरावाची गोष्टच विसरून गेलं. ज्यांच्या ज्यांच्या खोल्यांत भाईरची माणसं होती ती तशीच राहिली. भाड्याला कोण नको म्हणतो? रिकामी झाली ती एकट्या आबांची खोली. आबांनी तिच्यात कडबा भरला नाही, आणि दुसऱ्या कुणाला दिलीही नाही. सासूबाईंनी सुनीताला फोन लावला तर तो बंद. मनोजचाही बंद. मी ओळखीच्या ठेकेदाराकडून चौकशी केली, तर ती दोघं चाकणहूनही हलली होती, कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. "मला ठावं हुतं तिचं गाव ग्येल्यालं," सासूबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पर मी कुणाला सांगायचं? ह्यांचं कान फाट्यावर." आबा समोर जेवायला बसले होते. आबा न बोलता जेवताहेत हे दृश्य मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मग एक दिवस आमच्या कंपनीच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला. "साहेब, एक म्हातारे बाबा पाळी सुटली की कामगारांच्या मोटारसायकली अडवतात. पोरं घाबरतात. तुमचं नाव सांगतायत." खाली जाऊन बघतो तर आबा. स्कूटर आडवी लावलेली, डिकीत फडक्यात गुंडाळलेलं पुरतं झालेलं दुपटं, आणि समोर हेल्मेटधारी, गोंधळलेला तरणा कामगार. आबा त्याला विचारत होते, "गाव कोणतं? कोसी लांब किती हाय तितनं? मनोज म्हणून फरशीवाला, त्येच्यापैकी कोण वळखीचं?" भाषेचं जमत नव्हतं, पण आबांचा उत्साह दांडगा. आता ते आठवड्यातून एकदा तरी येतातच. पोरांची भीडही चेपली आहे. कोणी कोणी तर लांबूनच गाव ओरडून सांगतं. परवा माझ्या घरी चहा पिताना आबा म्हणाले, "पाव्हणं, कोसीकाठचं सहरसा आन् सुपौल शेजारी हायेत बरं का. तुमच्या पॅकिंगमधल्या त्या उंच पोराची थोरली बहीण सुपौलला दिल्याली हाय." नातं ते लावत होतेच. फक्त ज्यांच्यापर्यंत ते पोहोचवायचं, ती दोन माणसं कुठल्याच फांदीवर सापडत नव्हती. केस मात्र त्यांनी माझ्या घराखालच्या दुकानात कापून घेतले. कान शाबूत होता.

यंदाही पाणी उतरलं. रविवारी आबा मला काठावर घेऊन गेले. देवळाचं शिखर वर आलं होतं, त्यावर शेवाळ वाळून पांढरं झालं होतं, आणि रोहित पक्षी अजून गेले नव्हते. मी नकाशाची वाट बघत उभा राहिलो. आबांनी किल्ली काढली, पण ती पाण्याकडे धरलीच नाही. बोटांत नुसती फिरवत राहिले.

"बाळंत झाली असंल आता," ते म्हणाले.

"झाली असेल."

"पोरगं का पोरगी, कुणाला ठावं." त्यांची नजर शिखराकडे होती. ऊन चढत होतं, मला घरी जायची घाई होती, पण त्यांना निघा म्हणवेना.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "तिचं बी देऊळ उन्हाळ्यात वर येत असंल का हो?"

धरणाचं पाणी उतरतं. नदी गाव कापून नेते तेव्हा काहीच शिल्लक राहत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "येत असेल, आबा."

"मग बरं हाय," ते म्हणाले, आणि पहिल्या किकेला स्कूटर चालू झाली.